मिकोनिया: पानासाठी आणलेलं झाड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

देशी झाडं की विदेशी, असा वाद निघाला की मी प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाची आणि तिथलं जंगल व्यापून बसलेल्या मिकोनिया या शोभेच्या झाडाची गोष्ट सांगते. ती सांगून झाली की दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. कुणाला झाडाचा फोटो हवा असतो, कुणाला बुलबुलाचं खरं वाटत नाही, आणि एक तरी जण म्हणतोच, 'हिरवंगार आहे ना सगळं, मग रडताय कशाला?' ती सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मिकोनिया म्हणजे नक्की कोणतं झाड?

पूर्ण नाव मिकोनिया कॅल्व्हेसेन्स. मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या दमट जंगलांतलं. लहान ते मध्यम उंचीचं झाड, साधारण ४ ते १५ मीटर. माथेरान-महाबळेश्वरला निळ्या फुलांनी लगडलेली अंजनी तुम्ही पाहिली असेल, ती याच कुळातली. पण शेजारी ठेवलीत तर दोघींचं नातं कुणाला पटणार नाही, कारण अंजनीचं पान बोटभर आणि याचं पान हातभर.

मायदेशी हे झाड अगदी साधं आहे. जंगलात एखादं मोठं झाड पडून उजेड आला की तिथे दोन-चार उगवतात, त्यांच्यावर किडे आणि बुरश्या तुटून पडतात, बाकीची झाडं वरून दाटी करतात. तिथे त्याची कुणी दखलही घेत नाही.

त्या पानात एवढं काय आहे?

ते पाहिल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. पान ८० सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतं, कधी मीटरभरही. वरून मखमली गडद हिरवं. देठापासून तीन ठळक शिरा निघतात, एक मधोमध आणि दोन कडेच्या बाजूने कमान घेत थेट टोकापर्यंत. या तिघींना जोडणाऱ्या बारीक आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आणि पान उलटलं की खाली पिकलेल्या जांभळाचा रंग. रोप गुडघाभर असतानाच हा सगळा थाट दिसतो, फुलाची वाट पाहावी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचगृहांत हे झाड मोठ्या हौसेने ठेवलं जायचं, आणि तिथे त्याचं नाव होतं 'मॅग्निफिका', म्हणजे भव्य. मला स्वतःला विचाराल तर मीही घेतलं असतं. नर्सरीत असं रोप समोर आलं की आधी किंमत विचारली जाते, 'हे मूळचं कुठलं?' हा प्रश्न घरी आल्यावर सुचतो.

ताहितीला ते नेलं कुणी?

हॅरिसन विलार्ड स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने, १९३७ साली. हा गृहस्थ बोस्टनजवळच्या एमआयटीत भौतिकशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून ताहितीच्या दक्षिण किनाऱ्यावर पापेआरीला स्थायिक झाला आणि जगभरातून झाडं आणून मोठी बाग उभी केली. त्याच्याच नावाने ती बाग आजही आहे.

त्याला खलनायक करण्याची घाई करू नका. ताहितीच्या बाजारात आज जे गोड, हिरवट सालीचं पपनस मिळतं आणि ज्याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे, तेही यानेच बोर्निओतून आणलं. एकाच माणसाने, एकाच बागेत, त्याच हौसेने दोन्ही झाडं लावली. त्यातलं एक बागेत आणि परसात राहिलं, दुसरं डोंगर चढून गेलं. लावताना दोन्ही सारखीच निरुपद्रवी दिसत होती.

स्मिथ १९४७ साली वारला. पुढे काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही.

१९३७ साली आलं, मग बोंब व्हायला इतकी वर्षं का लागली?

कारण अशी झाडं सुरुवातीला शहाण्यासारखी वागतात. रोप लावलं की चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा फुलतं. मग त्याची पोरं बागेच्या कुंपणापलीकडे उगवतात, त्यांना फुलायला आणखी चार-पाच वर्षं. बेटाचा मधला भाग म्हणजे उभे कडे आणि दऱ्या, तिथे रोज जातं कोण? पहिली तीस-चाळीस वर्षं हा हिशेब डोंगराच्या पोटात चालू होता.

मग १९८२-८३ चा हंगाम आला. लागोपाठ वादळांनी फ्रेंच पॉलिनेशियाला झोडपलं. जुनी झाडं उन्मळून पडली, जंगलात मोठमोठी भगदाडं पडली, आणि मातीत वाट बघत पडलेल्या मिकोनियाच्या बियांना हवा तो उजेड मिळाला. त्यानंतर झाड डोळ्यांत भरायला लागलं. आज साधारण १,०४५ चौरस किलोमीटरच्या या बेटाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. किनाऱ्याजवळच्या दऱ्यांपासून जवळपास १,३०० मीटर उंचीपर्यंत, जिथे म्हणून भरपूर पाऊस आहे तिथे ते आहे. कित्येक उतारांवर दुसरं झाडच नाही. तिथले लोक त्याला 'हिरवा कॅन्सर' म्हणतात, हवाईत 'जांभळी साथ'.

एका झाडाला बी येतं तरी किती?

फळ मटाराच्या दाण्याएवढं, पिकल्यावर काळपट जांभळं, चवीला गोडसर. त्या एका फळात साधारण दीडशे-दोनशे बिया. बी खसखशीच्या दाण्याहूनही लहान. मोठं झाड वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतं आणि लाखो बिया टाकतं. परागीभवनाला दुसरं झाड लागत नाही, म्हणजे नव्या बेटावर एक बी पोचलं तरी पुरे.

याहून वाईट गोष्ट म्हणजे या बिया मातीत पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. आज तुम्ही एक झाड मारलंत तर त्या जागेवर पुढची पंधरा-वीस वर्षं फेऱ्या माराव्या लागतात. मूल पहिलीत असताना काम सुरू केलंत तर ते पदवीधर होईपर्यंत.

बी पसरवणारा पक्षी आपला बुलबुल आहे, हे खरं का?

खरं आहे. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल, तोच. तो ताहितीला गेला १९७० च्या दशकाच्या अखेरीस, अर्थात माणसाच्या हातून, पिंजऱ्यातून. त्याच्या आधी आपल्या चष्मेवाल्याचा एक चुलतभाऊ तिथे आणून सोडलेला होताच. हे दोघे मिकोनियाची फळं आवडीने खातात आणि उडता उडता बिया टाकत जातात. झाड अमेरिकेतलं, पक्षी भारतातला, आणि दोघांची गाठ पडली प्रशांत महासागराच्या मध्यावर, जिथे दोघांचंही कुणी नव्हतं.

हे कसं घडतं ते बघायला ताहितीला जायची गरज नाही. माझ्या गच्चीतल्या कुंड्यांत दर पावसाळ्यात घाणेरी उगवते. मी ती कधी लावली नाही. पण कुंड्या ठेवल्यात त्या कठड्यावर बुलबुलाची जोडी रोज सकाळी बसते आणि खाली पांढरे ठिपके पडतात. ठिपक्यांच्या रांगेखालीच रोपं असतात, पलीकडच्या कुंड्यांत एकही नाही.

शिपाई बुलबुलाचीही अशीच कथा आहे. तो १८९२ साली मॉरिशसला पोचला आणि तिथल्या देशी जंगलात विदेशी झुडपांच्या बिया पेरतो आहे. जगातल्या शंभर सर्वात उपद्रवी आक्रमक जातींची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात मिकोनिया आहे, घाणेरी आहे, सुबाभूळ आहे, आणि लालबुड्या बुलबुल व साळुंकीही आहेत. आपल्याकडे हे दोन्ही पक्षी गोडच आहेत. शिकारी पक्षी, साप, रोग, चारा, सगळ्यांशी त्यांचा हजारो वर्षांचा हिशेब इथे जुळलेला आहे.

झाडंच वाढली ना? बेट हिरवंच दिसतं. मग बिघडलं कुठे?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चुकीचा नाहीये. लांबून पाहिलं तर ताहितीचा डोंगर पूर्वीइतकाच हिरवा दिसतो, कदाचित जास्तच.

आत शिरून बघायला हवं. ज्या पानावर लोक भाळले त्या पानाचं काम काय? उजेड अडवणं. मीटरभर लांबीची पानं एकावर एक चढली की खाली भरदुपारी संध्याकाळ होते. मिकोनियाचं स्वतःचं रोप त्या अंधारातही तग धरतं, बाकीच्यांचं धरत नाही. जमिनीलगतची नेची, ऑर्किड, छोटी झुडपं आधी जातात. उंच देशी झाडं उभी असतात, पण त्यांच्या पायाशी त्यांची पोरं वाढत नाहीत. ती म्हातारी झाली की त्यांच्या जागी येतं तेही मिकोनियाच. ताहितीखेरीज जगात कुठेच न सापडणाऱ्या १०७ वनस्पतींपैकी ४० ते ५० या झाडामुळे धोक्यात असल्याचं ज्याँ-इव्ह मेयर आणि जॅक फ्लोरान्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९६ सालीच मांडलं होतं. बेटावरची जात बेटावरून गेली की शेजारच्या जिल्ह्यातून आणता येत नाही, शेजारी समुद्र आहे.

आता माती. याची मुळं उथळ असतात. खाली गवत नाही, नेची नाहीत, पाचोळ्याला धरून ठेवणारं काही नाही. त्यात एक गंमत पानाचीच आहे. पाऊस थेट जमिनीवर पडला तर थेंब लहान असतो. या रुंद पानावर पाणी गोळा होतं, टोकाशी येतं आणि टपोरा थेंब होऊन उघड्या मातीवर आपटतो. आळवाच्या पानावरून ओघळणारा थेंब आठवा, आणि तो दहा-बारा मीटरवरून पडताना बघा. उभ्या उतारावर अशा थेंबांनी माती सुटते, ओढ्यात जाते, ओढ्यातून किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, आणि प्रवाळावर. मोठ्या पावसात उतारच्या उतार घसरण्याची भीती वेगळीच. हवाईत तर पिण्याचं पाणी डोंगरातलं जंगल मुरवतं म्हणून मिळतं, त्यामुळे तिथे हा नुसता फुलापानांचा प्रश्न राहत नाही.

हवाईने ताहितीचं पाहून काही शिकलं का?

उशिरा, पण शिकलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणूनच ते तिथे आलं, बागांमध्ये आणि नर्सऱ्यांमध्ये. रेमंड फॉसबर्ग हे प्रशांत बेटांच्या वनस्पतींचे जाणकार ताहितीचं चित्र पाहून आले होते, आणि हवाईचं देशी जंगल खरोखर संपवू शकेल असं एक झाड असेल तर ते हेच, असा इशारा त्यांनी दिला होता. तो कानाआड गेला. पुढे माउई बेटावर हानाच्या परिसरात ते रानात पसरलेलं आढळलं तेव्हा धावपळ सुरू झाली, आणि १९९२ साली सरकारने त्याला उपद्रवी तण ठरवलं. म्हणजे विकायला, लावायला बंदी.

मग जी मोहीम सुरू झाली ती वाचताना युद्धाच्या बातम्या वाचल्यासारखं वाटतं. जिथे माणूस चढू शकत नाही त्या कड्यांवर हेलिकॉप्टरने शोध. वरून झाड ओळखायचं ते पुन्हा पानावरूनच, तो आकार दुसऱ्या कुणाचा नाही. झाड दिसलं की त्यावर तणनाशक. अलीकडे तर पेंटबॉलच्या खेळात असते तशी बंदूक वापरतात. गोळीत रंगाऐवजी तणनाशक भरलेलं असतं आणि हेलिकॉप्टरमधून नेमकं त्या एका झाडावर मारलं जातं, म्हणजे शेजारच्या देशी झाडांना थेंब लागत नाही. एका रोपासाठी हेलिकॉप्टर! पण ते रोप फुलायच्या आत मारलं नाही तर पुढच्या दशकात किती फेऱ्या वाढतील, हा हिशेब त्यांनी केलेला आहे. तरीही हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटावर आणि माउईवर ते पूर्ण निघालेलं नाही. ते पुढे सरकू नये, एवढंच काम चालू आहे.

शाळेची मुलं रोपं उपटतात म्हणे?

हो, फ्रेंच पॉलिनेशियातल्याच रायातेआ बेटावर. तिथे ते १९५५ च्या सुमारास पोचलं, पण ताहितीएवढं हाताबाहेर गेलं नव्हतं. १९९२ पासून तिथे उपटणी मोहिमा सुरू झाल्या. शाळेची मुलं, गावकरी, सोबतीला सैनिक. आपल्याकडे श्रमदानाला जसा गाव लोटतो तसंच.

ओल्या मातीतून लहान रोप सहज निघतं, मुळं उथळ असल्याचा तेवढा एक फायदा. पण उपटून खाली टाकून चालत नाही. ओलसर जमिनीला मुळं टेकली की ते पुन्हा जीव धरतं. म्हणून उपटलेलं रोप शेजारच्या फांदीवर लटकवून ठेवतात, मुळं हवेत, वाळेपर्यंत. डोंगरावर फांद्याफांद्यांना लटकलेली जांभळी-हिरवी पानं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत तीच मुलं, एक इयत्ता पुढची. आजवर तिथे लाखो रोपं निघाली आहेत.

सरळ तोडून टाकली तर?

बुंध्यातून फुटतं. तोडल्या तोडल्या बुंध्यावर तणनाशक लावावं लागतं. आणि तोडल्यावर खाली ऊन पडतं, मग मातीतल्या बिया उठतात. पुढचं वर सांगितलंच आहे.

शेळ्या सोडल्या तर?

आमच्या गटात हा प्रश्न दर वेळी येतो आणि हशा पिकतो, पण बेटांवर हा प्रयोग माणसाने अजाणता करून झालेला आहे. हवाईच्या झाडांना चरणाऱ्या जनावरांची सवयच नव्हती. काटे नाहीत, कडवटपणा कमी. सोडलेल्या शेळ्यांनी आधी तीच फस्त केली. शेळी हीच तिथे वेगळी डोकेदुखी आहे.

बुरशी सोडली असं वाचलं. हे धोक्याचं नाही का?

शंका रास्त आहे. एक पाहुणा आणून पस्तावल्यावर दुसरा आणायचा म्हणजे छातीत धडधडणारच. ही बुरशी ब्राझीलमध्ये मिकोनियावरच सापडली. नाव कोलेटोट्रायकम, म्हणजे आपल्या आंब्याच्या मोहोरावर जो करपा पडतो त्याच्या घरातली. पण हा विशिष्ट प्रकार मिकोनियावरच जगतो. इतर वनस्पतींवर चाचण्या झाल्यावर तो हवाईत १९९७ साली आणि ताहितीत २००० साली सोडला.

परिणाम? मोठं झाड मरत नाही. पानांवर ठिपके पडतात, ठिपक्यांची भोकं होतात, पान चाळणीसारखं दिसायला लागतं आणि काही गळतात. हवाईत फारसा फरक पडला नाही. ताहितीत मात्र थंड, दमट अशा वरच्या उतारांवर त्या भोकांतून आणि फटींतून उजेड खाली उतरला, आणि जी देशी झुडपं संपली असं वाटत होतं त्यांची रोपं मिकोनियाच्या पायाशी पुन्हा दिसू लागली. झाड उभंच आहे, सावली विरळ झाली आहे. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आपल्याकडे येण्याची भीती आहे का?

शेजारी श्रीलंकेत ते कधीच पोचलं आहे. पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानातून सुटून ते कँडीच्या आसपासच्या ओल्या जंगलात रुजलं. त्याला वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस हवा, आणि तो वर्षभर विखुरलेला हवा. कोकणात पाऊस त्याहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जांभा तापतो. त्यामुळे रत्नागिरीपेक्षा मला दक्षिण केरळ, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार यांची काळजी जास्त वाटते.

आणि आपल्याला मिकोनियाची वाट पाहायची गरजही नाही. घाणेरी शोभेसाठीच आली. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी जगभर नेली गेली, पुण्यात मुळा-मुठेच्या पुलावर उभं राहून तिचं आजचं रूप बघा. रस्त्याकडेला शेंदरी फुलांची पिचकारी लावतो, ती आफ्रिकेची. तीच पिचकारी फिजी, हवाई आणि ताहितीत उपद्रवी म्हणून ओळखली जाते.

मग विदेशी झाडं लावायचीच नाहीत का?

असं मी कधीच म्हटलेलं नाही. मिरची आणि बटाटा अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा. गुलमोहर सह्याद्रीच्या जंगलात घुसून बसलेला नाही. बघायचं असतं ते वागणं. फळ लहान आणि पक्ष्यांना आवडणारं आहे का, बी बारीक आणि भरमसाट आहे का, सावलीत रुजतं का, लवकर फुलतं का, आणि दुसऱ्या कुठल्या बेटावर त्याने आधी त्रास दिलाय का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. मिकोनियाच्या बाबतीत पाचही उत्तरं 'हो' येतात.

परदेशातून बिया किंवा कलम मागवलं तर काय होतं?

२००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार रोपं आणि बिया आणायला परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. 'छोटं पाकीटच आहे, पोस्टाने येतं' हे कारण चालत नाही. मिकोनियाचं एक फळ वाळवून पाकिटात टाकलं तर ते हाताला जाणवणारही नाही.

ताहितीला किंवा हवाईला फिरायला चाललोय. काय काळजी घेऊ?

हवाईला जाताना शेतीमालाबद्दलचा फॉर्म भरून घेतात, तो खरा भरा. डोंगरात चालायला जाणार असाल तर बूट जाताना आणि येताना घासा, तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने. नुकु हिवासारख्या लांबच्या बेटांवर हे झाड बुलबुलाने नेलं नाही, मातीतून गेलं, रस्त्याच्या कामाची यंत्रं आणि कुंड्यांबरोबर. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याआधी घासणं जास्त महत्त्वाचं, कारण ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटावर ते आहे म्हणून शेजारच्या प्रत्येक बेटावर असेलच असं नाही. निघालेला चिखल हॉटेलच्या बागेत झटकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. आणि वाटेत ते जांभळ्या पोटाचं पान दिसलं तर खुशाल उलटून पाहा, फोटो काढा. रोप मात्र आणू नका.